कांदिवलीच्या खाणीतली ट्रॉली लाइन आज कुठे शोधावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबा कांदिवलीच्या दगडखाणीत कामाला होते. डोंगरातून दगडाचे डबे खाली आणणारी ‘छोटी गाडी’ होती, असं तुम्ही घरात लहानपणापासून ऐकलंत. म्हणून कांदिवली पूर्वेला आकुर्लीच्या बाजूला डोंगराच्या कडेने हिंडलात, पण रुळाचा तुकडासुद्धा दिसला नाही. मग गाडी खरंच होती की नुसती घरातली गोष्ट, आणि असली तर माग कसा काढायचा?

मी रेल्वेत पी-वेमध्ये, म्हणजे रुळांच्या खात्यात, नोकरी केली. निवृत्तीनंतर बंद पडलेल्या लाइनी हुडकत फिरणं हाच उद्योग आहे. त्या अनुभवावरून सांगतो, रूळ न दिसल्याने खट्टू होऊ नका. लाइन बंद झाली की सगळ्यात आधी जातो तो रूळच, कारण त्याला भंगारात भाव असतो. दुसऱ्या महायुद्धात तर देशातल्या चालू शाखामार्गांचेही रूळ उखडून युद्धाच्या कामाला नेले. रुळापाठोपाठ स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ओंडके, जातात, कोणाच्या तरी चुलीत नाहीतर गोठ्यात. मागे उरतात त्या तीनच गोष्टी, मातीचा भराव, दगडाची मोरी (नाल्यावरचा छोटा पूल) आणि जमिनीची हद्द. शोधायचं ते हे. लोखंड सापडलंच तर बोनस समजा.

आधी गाडी होती का ते बघू. १९२० साली मुंबई सरकारने डेव्हलपमेंट खातं काढलं आणि गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॅकबेच्या भरणीचं, म्हणजे दक्षिण मुंबईत समुद्र बुजवून जमीन करायचं, काम सुरू झालं. आत भरायचा गाळ बंदरातून ड्रेजरने ओढायचा होता, पण समुद्रातल्या भिंतीला दगड लागत होता आणि तो कांदिवलीच्या खाणीतून बी.बी.सी.आय. रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेने, जात होता. योजना फसली, मुंबईचे वकील आणि पुढारी के. एफ. नरिमन यांनी तिचे जाहीर वाभाडे काढले आणि १९२६ साली सर ग्रिमवुड मियर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. त्या काळी एवढा दगड हलवायचा तर खाणीत रूळ टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बैलगाड्यांनी ते काम निभलं नसतं. तेव्हा घरातली गोष्ट परिस्थितीला धरून आहे. शिवाय तुमचं नशीब असं की योजनेचा बोभाटा झाला. जे काम बिनबोभाट पार पडतं त्याचा कागद सापडत नाही, आणि ज्याची चौकशी लागते त्याच्या यंत्रसामग्रीचा, खर्चाचा, वाहतुकीचा हिशोब छापून ठेवलेला असतो.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. तुम्ही ‘लाइन’ म्हणता तेव्हा नेमकी कुठली? मोठ्या दगडखाणीत दोन वेगळ्या लाइनी असतात आणि दोघींचा माग काढायची रीत अगदी वेगळी.

पहिली खाणीच्या पोटातली ट्रॉली लाइन. बहुतेक ठिकाणी ही दोन फुटी किंवा त्याच्या आसपासच्या गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). डेकोव्हिल नावाच्या फ्रेंच कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रकाराचा जगभर प्रसार केला: हलका रूळ आणि खाली रिव्हेट केलेले पत्र्याचे स्लीपर, असे तयार सांगाडे. चार माणसांनी सांगाडा उचलायचा, पुढे ठेवायचा, फिशप्लेट (रूळ जोडायची पट्टी) लावायची, झालं. सुरुंगाने दगडाची कड मागे सरकली की लाइनही मागे सरकायची. अशा लाइनीला कायमची जागाच नसते. तिला ना भराव, ना खडी. ती जिथे होती तो खाणीचा तळ आज एकतर पाण्याखाली आहे, नाहीतर टॉवरच्या पोडियमखाली. पणजोबांनी डबे ढकलले असतील ते बहुधा हिच्यावर, आणि दुर्दैवाने हीच सापडायला सगळ्यात कठीण.

दुसरी लाइन खाणीच्या तोंडापासून मुख्य मार्गापर्यंत येणारी. हिला जमीन घ्यावी लागते, नाले ओलांडावे लागतात, उतार सांभाळावा लागतो. ही लाइन रूळ गेल्यावरही उरते. माझा सल्ला असा की आधी ही शोधा. ही सापडली की हिचं वरचं टोक तुम्हाला आपोआप माल भरायच्या धक्क्यापाशी नेईल, आणि ट्रॉली लाइनही तिथेच येऊन थांबत असणार.

किती सापडेल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. खाण सरकारी होती की ठेकेदाराची, लाइन दोन-चार वर्षं चालली की वीस, इंजिन होतं की माणसं आणि बैल, नंतर त्या जागेवर आधी झोपडपट्टी आली की आधी बिल्डर. मुंबईत तर रीतसर प्रवासी लाइनसुद्धा पुसली गेली आहे. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जाणारी साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. आज अंधेरीत शंभर जणांना विचारा, एखाद्यालाच माहीत असेल. उलट कुलाबा स्टेशन बघा. १९३० च्या अखेरीस ते बंद झालं, रूळ गेले, फलाट गेले, पण जमीन रेल्वेचीच राहिली आणि आज तिथे बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी आहे. म्हणून मी म्हणतो, हद्दीच्या मागे लागा.

हद्द सापडते कागदावर, त्यामुळे बूट घालण्याआधी कागद. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीच्या टोपोशीटमध्ये, म्हणजे तपशीलवार नकाशांमध्ये, कांदिवली ४७ ए/१६ या शीटवर येते. तिच्या जितक्या जुन्या आवृत्त्या मिळतील तितक्या बघा. एका आवृत्तीत फाटा दिसतो आणि पुढच्या आवृत्तीत तिथे नुसती गाडीवाट दाखवलेली असते. ती गाडीवाट म्हणजेच उखडलेल्या लाइनीची माती. मग सिटी सर्व्हेचे नकाशे. सीटीएस नंबर म्हणजे सिटी सर्व्हेतला प्रत्येक जमिनीच्या तुकड्याचा नंबर. त्या तुकड्यांच्या आकारांवर नजर फिरवा. शेताच्या हद्दी वाकड्यातिकड्या असतात, बिल्डरच्या हद्दी काटकोनात. मध्येच एखादी लांबट, अरुंद पट्टी दोन्ही कडांनी सारखी वळत गेलेली दिसली की थांबा आणि तिचं मालमत्ता पत्रक काढा. कब्जेदाराच्या रकान्यात रेल्वे, सरकार किंवा एखादं जुनं खातं निघालं तर तुमचं अर्धं काम झालं. लक्षात ठेवा, बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली ती १९५७ साली. त्याआधीच्या कागदांसाठी ठाणे जिल्ह्याचं दप्तरही पालथं घालावं लागतं, नुसत्या उपनगर जिल्ह्याच्या वांद्र्यातल्या कार्यालयावर अवलंबून राहू नका. भूसंपादन झालं असेल तर १८९४ च्या कायद्याखालची नोटीस सरकारी गॅझेटमध्ये गाव आणि सर्व्हे नंबरासकट छापलेली असते. डेव्हलपमेंट खात्याच्या फायलींसाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जा. तिथे ‘रेल्वे’ एवढंच मागू नका. ‘क्वारी’, ‘सायडिंग’ (मुख्य मार्गाला फुटलेला मालाचा फाटा), ‘प्लांट’, ‘लिलाव’ या नावांखाली जास्त मिळतं.

आणखी एक फुकटची सोय. अमेरिकेच्या कोरोना हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेले फोटो १९९५ ला खुले झाले आणि अमेरिकी भूगर्भ खात्याच्या साइटवर शोधता येतात. त्या काळी कांदिवली पूर्व बरीचशी शेतं आणि मोकळा डोंगर होती. गुगल अर्थच्या मागच्या चित्रांत तुम्हाला इमारतीच दिसतील. कोरोनाच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत भरावाची सावली दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त.

नकाशावर रेघ सापडली की लगेच नाचू नका. मुंबईत लाइनीसारखं दिसणारं पण लाइन नसलेलं बरंच काही आहे, आणि पहिला मान पाण्याच्या पाइपलाइनीचा. तानसाचं पाणी शहरात १८९२ पासून येतंय, नंतर वैतरणाचं आलं. या पाइपांच्या बाजूचे सर्व्हिस रोड लांबलचक, सौम्य वळणांचे आणि पालिकेच्या मालकीचे असतात. नवखा माणूस हमखास फसतो. ओळखायची खूण अशी की दाबाखालचं पाणी खाली उतरून पुन्हा वर चढू शकतं. नाल्याशी पाइप खाली बुडी मारतो आणि पलीकडे वर येतो. भरलेल्या डब्यांची गाडी हे करू शकत नाही. तिला नाला आला की भराव आणि मोरी लागते. शिवाय पाइपाच्या वाटेवर हवेचे व्हॉल्व्ह आणि काँक्रीटचे ठोकळे सापडतात. उच्चदाब विजेच्या तारांखालची मोकळी पट्टी दुसरी फसवी, पण ती टॉवरपाशी कोनात मोडते, वळत नाही. खाजणाचे आणि मिठागरांचे बांध पश्चिमेकडे सपाटीवर आहेत, डोंगराकडे त्यांचा त्रास नाही.

आता प्रत्यक्ष जागेवर. इथे माझ्या खात्याची दोन हत्यारं कामाला येतात आणि दोन्ही मिळून पाचशे रुपयांच्या आत बसतात.

पहिलं म्हणजे सुतळी. सोसायटीची कंपाउंड भिंत किंवा गल्लीची कड गोलाईत जाते असं वाटलं की त्या कडेवर दर १० मीटरला खडूची खूण करा. पहिल्या खुणेपासून तिसऱ्या खुणेपर्यंत २० मीटरची सुतळी ताठ धरा आणि मधल्या खुणेपाशी सुतळी आणि भिंत यांतलं अंतर मोजा. याला आम्ही व्हर्साइन म्हणतो. मग दुसरी ते चौथी, तिसरी ते पाचवी, असं पुढे सरकत जा. ५० ला या अंतराने, मीटरमध्ये, भागलं की वळणाची त्रिज्या मीटरमध्ये मिळते. अंतर २५ सेंटिमीटर आलं तर त्रिज्या २०० मीटर, १ मीटर आलं तर ५० मीटर. रेल्वेच्या नियमाप्रमाणे ब्रॉडगेजला १० अंशांपेक्षा आवळ वळण चालत नाही, म्हणजे त्रिज्या १७५ मीटर आणि या सुतळीवर साधारण २९ सेंटिमीटर. अडीच फुटी नॅरोगेजला ४० अंशांपर्यंत मुभा, म्हणजे ४४ मीटर त्रिज्या आणि सुतळीवर १ मीटर १४ सेंटिमीटरच्या आसपास. दोन फुटी गाडी याहूनही आवळ वळते. जुन्या सायडिंगांत थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाज पक्का येतो. तुमच्या वळणावर ६०-७० सेंटिमीटर येत असेल तर तिथून मोठ्या रेल्वेच्या वाघिणी (मालडबे) जात नव्हत्या, लहान गाडीच असणार.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे त्याचं सारखेपण. रुळाच्या वळणावर पाच-सहा खुणांवर जवळजवळ एकच आकडा येतो, दोन-चार सेंटिमीटरचा फरक. रस्त्याच्या वळणावर १५, ४०, ८, ५५ असं काहीही येतं, कारण रस्ता जागा मिळेल तसा वळवलेला असतो. आमच्याकडे असे मेट (रुळांवरच्या कामगारांचे मुकादम) होते की लाइनीत उकिडवे बसून नुसत्या नजरेने सांगायचे, अमुक खांबापाशी वळण बिघडलंय. ती नजर आता दुर्मिळ, पण सुतळी कोणालाही जमते. एक सूचना: मुंबईत सोसायटीच्या भिंतीला सुतळी लावली की दहा मिनिटांत सेक्रेटरी येतो आणि ‘रिडेव्हलपमेंटवाले का?’ विचारतो. आधीच जाऊन सांगा आणि गच्चीवर जायची परवानगीही तेव्हाच मागा. वरून भरावाची रेघ खालच्यापेक्षा स्पष्ट दिसते.

दुसरं हत्यार गवंड्याची पाण्याची नळी, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं. मोबाइलमधल्या उंची मोजणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका. १० मीटरवर पातळी २५ सेंटिमीटर उतरली तर उतार ४० ला १, ५० सेंटिमीटर उतरली तर २० ला १. तुलनेला आकडे हवेत तर बोरघाटातल्या मुख्य मार्गाची चढण ३७ ला १ आहे आणि १९०७ ची माथेरानची दोन फुटी गाडी २० ला १ चढते. खाणीच्या लाइनीत भरलेली गाडी उताराला आणि रिकामी चढाला असते, त्यामुळे आखणारा माणूस शक्यतो एकसारखा, हळू उतार धरून डोंगराच्या कडेकडेने लाइन खाली आणतो. पायवाट मात्र सरळ अंगावर चढते. मध्येच एखादा तीव्र पण अगदी सरळ उतार सापडला तर तिथे दोर आणि ड्रमवर चालणारी घसरण असू शकते: भरलेला डबा खाली येताना दोराने रिकाम्याला वर ओढतो. तसं असेल तर वरच्या टोकाला ड्रमचा दगडी किंवा काँक्रीटचा पाया, त्यात गंजलेले बोल्ट, हे शोधा. तो पाया उखडून न्यायला कोणाला परवडत नाही.

माल भरायचा धक्का ओळखायचा तर दोन पातळ्या बघा. वरच्या पातळीवर ट्रॉली येऊन कलंडायची आणि खालच्या पातळीवर मोठ्या वाघिणी उभ्या असायच्या. मध्ये माणसाच्या उंचीएवढी किंवा जास्त, घडीव दगडाची सरळ भिंत. डोंगराच्या पायथ्याशी अशी भिंत आणि तिच्या पायाशी लांब, सपाट पट्टी, हे दोन्ही एकत्र दिसलं तर मला फोटो पाठवा.

मोऱ्यांबद्दल आशा कमी ठेवा. पोईसर नदी आणि तिला मिळणारे नाले या लाइनीला कुठेतरी आडवे आलेच असतील, पण २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईतले नाले रुंद करून काँक्रीटच्या भिंती बांधल्या गेल्या आणि त्यात जुनं बांधकाम बरंच गेलं. तरी एखादी वाचलेली असेल तर तिची रुंदी, म्हणजे वरून लाइन जायची ती, मोजा. साडेतीन मीटरच्या आतली मोरी ब्रॉडगेजची नाही. खडीवरून मात्र मुंबईत काही ठरवू नका. सगळा डोंगरच काळ्या दगडाचा, जिथे खणाल तिथे काळी खडी. त्यापेक्षा कोळशाची राख आणि भाजलेले खडे शोधा. मातीत त्यांचा थर लागला तर तिथे इंजिन उभं राहत होतं.

लोखंड मिळालंच तर उंची मोजा. मुख्य मार्गाचा ९० पौंडी (म्हणजे दर यार्डाला ९० पौंड वजनाचा) रूळ साधारण १४३ मिलिमीटर उंच असतो आणि तो मुंबईत कुंपणाला, फाटकाला, गटाराच्या झाकणाला जागोजाग लावलेला आहे. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ट्रॉलीचा १४ ते ३० पौंडी रूळ ५० ते ८० मिलिमीटरचा असतो. तो एखाद्या जुन्या घराच्या पडवीत, गोठ्याच्या आढ्याला किंवा विहिरीच्या काठाला सापडला तर मात्र ती फार मोलाची गोष्ट. रुळाच्या बाजूवर ब्रश मारून बघा, कारखान्याचं नाव, वजन आणि साल उठावात असतं. साल रूळ बनल्याचं असतं, टाकल्याचं नव्हे. खाणीवाले बहुतेकदा जुना माल घ्यायचे. डोक्यावर खाच असलेला रूळ दिसला तर तो ट्रामचा. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली आणि तिचे रूळही भंगारातून कुठे कुठे गेले.

म्हाताऱ्या माणसांना ‘इथे रेल्वे होती का?’ असं विचारू नका. ते ‘नाही’ म्हणतील आणि स्टेशनकडे बोट दाखवतील. ‘पावसात चिखल नको म्हणून शाळेत कुठल्या वाटेने जायचात?’ असं विचारा. भराव आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच असतो, म्हणून लाइन उखडल्यावर गाव पावसाळ्यात त्यावरून चालतं. पाड्यांवरची, जुन्या पोईसर-आकुर्लीतली आणि दगडाच्या कामातल्या वडार कुटुंबांतली माणसं शोधा. एका बैठकीत काही होत नाही. दुसऱ्यांदा जाताना जुना नकाशा मोठा छापून न्या.

फिरायला पौष-माघ चांगला. गवत वाळलेलं असतं, वणवे लागलेले नसतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात भरावाची सावली पडते. पहिल्या पावसानंतर एक फेरी मारायला हरकत नाही, कारण जुन्या खोदकामात पाणी साचून रेघ दिसते. पण तेव्हा काठी हवीच, घोणस त्याच खाचेत असते. एकटे जाऊ नका, तिन्हीसांजेनंतर तर नाहीच, तो बिबट्याचा शेजार आहे. खाणीच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यांच्या काठावर उभं राहू नका, कडा ठिसूळ असते आणि खाली खोली सरळसोट. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. चालू रेल्वेच्या हद्दीत शिरणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. आणि रुळाचा तुकडा सापडला तर आठवण म्हणून घरी आणायचा मोह टाळा. तो रेल्वेचा निघाला तर १९६६ च्या कायद्याप्रमाणे तुम्हालाच जाब द्यावा लागेल. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, जागा नोंदवा.

पहिल्यांदाच सुतळी धरणार असाल तर आधी माथेरानला जाऊन हात बसवा. दस्तुरीपासून वर बरेच पर्यटक रुळाच्या कडेनेच चालतात. पण तीही चालू रेल्वे आहे, म्हणून रेल्वेच्या माणसांना विचारून, गाडी नसताना दोन-तीन वळणं मोजून, भरावाची रुंदी बघून या. मग कांदिवलीत परत फिरा. तुमच्या आधीच्या फेरीत जिथून काहीही न बघता गेलात तिथेच काही सापडायची शक्यता जास्त आहे.

आकुर्लीच्या बाजूची सीटीएस शीट मिळाली की संशयाची पट्टी लाल पेनाने दाखवून इथे टाका, आणि तिच्यावरचे पाच सलग व्हर्साइन, उतार आणि पट्टीची रुंदी लिहा. तेवढ्यावर मी ती कुठल्या जातीची लाइन होती ते बऱ्यापैकी सांगू शकेन.